मंडळाचे दप्तर आणि त्याचे खण

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी मंडळाच्या पन्नास वर्षांचा इतिहास लिहून द्यावा, अशी आज्ञा संपादक मंडळाने आम्हांस केली, तेव्हा आम्ही ती मोठ्या उत्साहाने स्वीकारली. केंद्र सरकारच्या नोकरीत फायली चाळण्यात आमचे आयुष्य गेले. जुने कागद काढावेत, तारीखवार लावावेत आणि त्यांवरून मजकूर तयार करावा, यात अवघड ते काय, असे आम्हांला वाटले. मंडळाचे जुने कागद एका पत्र्याच्या ट्रंकेत, सामानाच्या खोलीत ठेवलेले होते. आम्हीच एके काळी मंडळाचे चिटणीस असताना ती ट्रंक तेथे ठेवली होती. ट्रंक उघडली तेव्हा वरच्या वह्या शाबूत दिसल्या. वही उचलली, तर हातात केवळ पुठ्ठा आला. आतला कागद वाळवीने खाऊन त्या जागी माती भरून ठेवली होती.

ट्रंकेचा तळ गंजून फुटला होता. जमिनीच्या भेगेतून वाळवीने मातीची नळी वर आणली आणि तळाच्या भोकातून ती आत शिरली. ती उजेडात येत नाही, म्हणून बाहेरून काहीच कळत नाही. पहिल्या सात वर्षांची इतिवृत्ते, हस्तलिखित नियतकालिकाचे बहुतेक अंक आणि संस्थापक सभासदांची नोंदवही असे सारे गेले. राहिल्या त्या दोन खतावण्या, गणेशोत्सवाच्या वर्गणीची काही पावतीपुस्तके आणि थोडी छायाचित्रे. पहिल्या कार्यकारिणीत कोण कोण होते, हे आज विचारावे तर मंडळातील दोन वडीलधारी मंडळी दोन निराळ्या याद्या सांगतात. दोघांचीही स्मरणशक्ती उत्तम आहे आणि दोघेही आपल्या यादीबद्दल ठाम आहेत. निवाडा करणारा कागद मात्र आमच्या हलगर्जीपणाने नाहीसा झाला. दोष अन्य कोणाचा नाही, आमचाच आहे, हे येथे स्पष्ट लिहून ठेवतो.

त्यानंतर उरलेले कागद ठेवण्यासाठी मंडळाने हाताने घडविलेले, सात खणांचे एक लाकडी कपाट करवून घेतले. मंडळाचा जो इतिहास लिहावयाचा होता, तो पुरता लिहिता येत नाही. म्हणून त्या कपाटाच्या निमित्ताने दप्तराचा, खणाचा आणि त्या खणाच्या सांध्याचा इतिहास येथे थोडक्यात देत आहोत. वाचकांनी तो गोड मानून घ्यावा.

दप्तर आणि रुमाल

आपली मुले शाळेत जाताना पाठीवर ‘दप्तर’ घेतात. हा शब्द फारसीतून मराठीत आला. त्याचे मूळ त्याहून मागे, चामडे या अर्थाच्या ग्रीक शब्दात सापडते, कारण एके काळी लेखन चामड्यावर होत असे. मराठी राज्यात दप्तर म्हणजे कागद, कागदाचे घर आणि कागदाचे खाते असे तिन्ही अर्थ रूढ झाले. हे कागद ठेवण्याची आपली रीत मात्र पेटीची नव्हती, ती रुमालाची होती. मोडी लिपीतील कागदांची पुडकी चौकोनी कापडात बांधावयाची आणि गाठ मारून फडताळात रचावयाची. रुमाल घोड्यावर लादता येतो, छावणीत नेता येतो, आणि त्यातील कागदाला हवा मिळते. सतत फिरतीवर असलेल्या राज्यकारभारास ही सोय उत्तम होती.

रुमालाचा दोष असा की तो ज्याच्या घरी असेल त्याच्या दैवावर अवलंबून असतो. १८१८ साली पेशवाई बुडाल्यावर पुण्याचे सरकारी दप्तर इंग्रजांच्या ताब्यात गेले. त्यास बंदिस्त इमारत मिळाली, पहारा मिळाला. पण अभ्यासकांस ते दीर्घकाळ सहजी पाहावयास मिळत नव्हते. पुढे रियासतकार गोविंद सखाराम सरदेसाई यांनी सर जदुनाथ सरकार यांच्या साहाय्याने त्यातून निवडलेल्या कागदांचे ४५ खंड १९३० ते १९३४ या अवघ्या काही वर्षांत संपादून प्रसिद्ध केले. एवढे प्रचंड काम इतक्या थोड्या अवधीत होऊ शकले, याचे एक कारण सरदेसाई व त्यांचे साहाय्यक यांचा अविश्रांत उद्योग हे होय. दुसरे कारण असे की कागद एका जागी होते.

खासगी घराण्यांच्या दप्तरांचे नशीब असे नव्हते. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे गावोगाव, वाड्यावाड्यांतून पायपीट करीत हिंडले ते याचसाठी. माळ्यावरचे, अडगळीतले, उंदीर-वाळवीच्या तोंडी पडलेले रुमाल सोडवून आणून त्यांनी १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचे २२ खंड काढले, आणि १९१० साली पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळाची स्थापना केली. राजवाड्यांच्या चरित्रातील ही पायपीट आम्ही शाळेत असताना कौतुकाने वाचली होती. आमच्याच हातून एक दप्तर वाळवीच्या तोंडी जाईल, असे तेव्हा वाटले नव्हते.

खण कोठून आला

‘खण’ हा शब्द मराठीत मोठा सोयीचा आहे. दोन खांबांमधील अंतर म्हणजे खण. त्यामुळे जुन्या वाड्याचे मोजमाप खणांत सांगत. चोळीचे कापड म्हणजे खण. पेटीतला किंवा मेजाचा कप्पा म्हणजेही खणच. यातील ओढता येणारा खण आपल्याकडे केव्हा आला, याचा मागोवा घेताना आमच्या हाती एक मौजेची गोष्ट लागली, ती भाषेची. पेटी, पेटारा, फडताळ हे शब्द आपल्या तोंडी पूर्वापार आहेत. मजूस हा तर संस्कृत ‘मंजूषा’ या शब्दाचा सरळ वंशज. याउलट अलमारी, चावी आणि बिजागरी हे शब्द पोर्तुगिजांकडून आले आहेत. वरून झाकण उघडावयाची पेटी आपली होती. समोरून दार असलेल्या, कुलूपबंद कपाटाबरोबर शब्दही समुद्रमार्गे आले, असे म्हणावयास हरकत नसावी.

ओढावयाचा खण ही वस्तू मात्र पोर्तुगिजांहून फार पुरातन आहे. १९२२ साली ईजिप्तमध्ये तुतनखामेन राजाचे थडगे सापडले. त्यात सोंगट्यांच्या जातीच्या एका खेळाचा पट होता, आणि त्याच्या पोटात सोंगट्या ठेवण्यासाठी ओढता येणारा खण होता. ती वस्तू सुमारे ३,३०० वर्षांपूर्वीची. फळ्यांच्या टोकांना खाचा पाडून त्या एकमेकींत गुंतविण्याची विद्याही तेथील सुतारांस अवगत होती.

आपल्या किनाऱ्यावर खणांच्या कपाटाचा खरा थाट दिसतो तो सतराव्या शतकातील गोव्यात. तेथील सुतार ‘कोंतादोर’ नावाचे कपाट घडवीत. सागवानाचा सांगाडा, त्यावर आबनूस व हस्तिदंत यांची जडावाची नक्षी, समोर लहान लहान खणांच्या रांगा आणि खाली स्वतंत्र घोडी, असे त्याचे रूप. काही कपाटांचे पाय नागकन्येच्या आकृतीचे आहेत. गिऱ्हाईक पोर्तुगीज असले तरी कारागिराच्या हाताला आपल्या मातीचे वळण होते, याची ही साक्ष. ‘कोंतादोर’ या शब्दाचा संबंध मोजदादीशी, हिशेबाशी आहे. खण हा प्रथमपासूनच हिशेबाचा, कागदाचा आणि लहान पण मोलाच्या वस्तूंचा सोबती होता, हे यावरून ध्यानात यावे. अशी कोंतादोरे आज लिस्बन व लंडन येथील संग्रहालयांत मानाने ठेवलेली आहेत.

पुढे एकोणिसाव्या शतकात मुंबईस शिसवी लाकडाचे कोरीव फर्निचर होऊ लागले, आणि युरोपीय व पारशी घरांतून ते मोठ्या हौसेने मांडले जाई. आपल्या गावोगावच्या सुताराचा मात्र याच्याशी फारसा संबंध आला नाही. तो बारा बलुतेदारांपैकी एक. नांगर, कुळव, गाडी, मोट आणि घराचे आढे-वासे यांत त्याचे वर्ष जाई, आणि सुगीला धान्याच्या रूपाने त्याचे बलुते मिळे. कुसू आणि भोक यांचा सांधा तो डोळे मिटून करी. खणाची गरजच नव्हती, कारण खणात घालण्याजोगे कागद ज्यांच्या घरी असत ती घरे थोडी.

अवधातील लाकूडकाम

आता आपण आपल्या या लखनौकडे येऊ. उत्तर हिंदुस्थानात खणांचे कपाट पसरले ते मुख्यतः छावण्यांतून. इंग्रज लष्करी अधिकाऱ्यांचे एक ठरावीक कपाट असे. ते वर-खाली अशा दोन भागांत सुटे होई, कोपऱ्यांना पितळी पट्ट्या असत, आणि खणांच्या मुठी लाकडात बुडविलेल्या असत, म्हणजे उंटावर किंवा खेचरावर लादताना त्या अडकू नयेत. आमच्यासारख्या बदलीच्या नोकरीतल्या माणसास त्या योजनेचे मर्म लगेच कळते. पाच बदल्यांत आमच्या घरच्या तीन कपाटांचे पाय मोडले आहेत.

याच प्रदेशात खणांच्या पेटीचा एक निराळा आणि फारसा अभिमानास्पद नसलेला उपयोगही झाला. गाझीपूरच्या सरकारी कारखान्यातून अफू बाहेर जाई ती लाकडी पेट्यांत. एका पेटीत अफूचे ४० गोळे, वीस-वीसचे दोन थर, आणि प्रत्येक गोळ्यास स्वतंत्र कप्पा. कागदांना खण मिळण्याच्या पुष्कळ आधी अफूला तो मिळाला होता!

सुतारकामास नवे शिक्षण मिळाले ते रेल्वेमुळे. लखनौ-कानपूर लोहमार्ग १८६७ साली सुरू झाला. त्यापाठोपाठ चारबाग व आलमबाग येथे रेल्वेचे कारखाने उभे राहिले. त्या काळी प्रवासी डब्यांची कलेवरे लाकडाची असत. डबा धावताना हादरतो, वळणावर पिळवटतो. नुसत्या खिळ्यांवर तो टिकत नाही. त्यामुळे गुण्या लावून, रेषेवर करवत धरून, सांधा सुतभरही ढिला न ठेवता काम करणाऱ्या मिस्त्र्यांच्या पिढ्या या कारखान्यांतून तयार झाल्या. येथे ‘सूत’ म्हणजे इंचाचा आठवा भाग; आजही ऐशबागेच्या लाकूडबाजारात याच मापाने बोलणे होते. १९०७ साली नैनिताल येथे औद्योगिक परिषद भरली, आणि तिच्या पाठोपाठ या प्रांतात कारागिरीच्या शिक्षणाला सरकारी आश्रय मिळाला. बरेलीस सुतारकामाची शाळा निघाली, तर १९११ साली लखनौस कलाशाळा सुरू झाली. सहारनपूरची शिसमावरील कोरीव कामगत आणि नगीन्याची आबनुसावरील नक्षी ही तर आधीपासूनच नामांकित होती.

पुढे १९५५ साली मद्रासजवळ पेरांबूर येथे पोलादी डब्यांचा कारखाना सुरू झाला, आणि रेल्वेतील लाकडी डब्यांचे युग हळूहळू सरले. १९५९ मध्ये फेव्हिकॉल बाजारात आला व सरसाची दुर्गंधी हटली. मग प्लायवूड आले, त्याच्यामागून भुशाच्या दाबीव फळ्या आल्या. सांधा कापण्याऐवजी स्क्रू पिळणे स्वस्त पडू लागले. यात कोणाचा अपराध नाही. परंतु हातात कला असलेल्या माणसास काम नाही, अशी स्थिती मात्र आली.

आमच्या कपाटाची घडण

वाळवीचा प्रकार उघडकीस आल्यावर कार्यकारिणीपुढे प्रश्न आला तो कागदांच्या व्यवस्थेचा. बहुतेकांचे म्हणणे असे पडले की लोखंडी कपाट विकत घ्यावे. एका दिवसात काम होईल आणि वाळवीचे भयही नाही. हे म्हणणे बिनतोड होते. लाकडी कपाटाचा आग्रह आम्ही धरला, तेव्हा एका तरुण सभासदाने “ज्यांनी ट्रंक जमिनीवर ठेवली, तेच आता वाळवीला लाकूड खाऊ घालणार काय?” असे विचारले. आम्ही निरुत्तर झालो.

पारडे फिरले ते मंडळातील एका वृद्ध मावशींच्या बोलण्याने. त्या म्हणाल्या, “अरे, स्टेजच्या फळ्या तेवढ्या मागच्या पडवीत पडल्या आहेत. पन्नास वर्षं नाचलो आपण त्यांच्यावर. त्यांचं काय करणार, होळीत घालणार?” गणेशोत्सवातील नाटकांसाठी मंडळाच्या आरंभीच्या दिवसांत सागवानी फळ्यांचे सुटे व्यासपीठ केले होते. लोखंडी सांगाड्याचे नवे व्यासपीठ आल्यापासून त्या फळ्या भिंतीशी टेकून उभ्या होत्या. त्यांना मात्र वाळवीने तोंड लावलेले नव्हते. पक्क्या सागाच्या गाभ्यात जे तैलद्रव्य असते, ते वाळवीस रुचत नाही. कागद गेले आणि फळ्या राहिल्या, हाच निवाडा झाला.

ऐशबागेकडे राहणारे एक वृद्ध मिस्त्री या कामासाठी मिळाले. त्यांचे वडील रेल्वेच्या डब्यांवर काम करीत असत. त्यांनी फळीवर नख ओढून पाहिले, कानाशी धरून टकटक वाजविली आणि म्हणाले, “साहब, ये लकडी पचास बरसात देख चुकी है, अब नखरे नहीं करेगी.” या एका वाक्यात लाकूड मुरविण्याचे सारे शास्त्र आले. लाकूड लांबीत जवळजवळ बदलत नाही, पण रुंदीत ते हवेतील ओलाव्याप्रमाणे फुगते व आकसते. आपल्या लखनौस ज्येष्ठात लू वाहते तेव्हा हवा तव्यासारखी कोरडी असते. पुढे श्रावणात भिंतींनाही घाम फुटतो. ज्येष्ठात घट्ट बसविलेला खण श्रावणात उघडत नाही, आणि श्रावणात सैल ठेवलेला ज्येष्ठात खडखडतो. मिस्त्रींनी काम फाल्गुनात काढले, आणि प्रत्येक खणाच्या वर पाऊण सूत जागा सोडली.

बाहेरचा सांगाडा नव्या शिसमाचा करावयाचे ठरले. हा येथील शीशम म्हणजे आपल्या सह्याद्रीतील शिसवीचा चुलतभाऊ. कुळ एकच, पण शिसवी अधिक काळी व हा पिंगट, सोनेरी रेघांचा. सांगाडा शिसमाचा आणि खण व्यासपीठाच्या सागाचे, अशी योजना झाली.

खणाच्या कोपऱ्यांचा सांधा कोणता करावा, यावर आमची व मिस्त्रींची बरीच चर्चा झाली. आम्ही पुस्तकी ज्ञानावर डव्हटेल सुचविला. त्यात दाते कबुतराच्या शेपटीसारखे टोकाकडे रुंद होत जातात, म्हणून खण कितीही ओढला तरी पुढची फळी सुटून येत नाही. मिस्त्रींनी मान हलविली. जुन्या, कोरड्या सागाला तिरपे कापले तर दात्यांचे कोपरे तुटतील, असे त्यांचे मत पडले. त्यांनी सरळ दात्यांचा सांधा पसंत केला. दोन्ही हातांची बोटे एकमेकांत गुंतवून दाखवीत ते म्हणाले, “बस, ऐसे.” आम्ही त्यास बोटसांधा म्हणू.

या सांध्याचा हिशेब पाहण्यासारखा आहे. आमच्या खणाची उंची १२ सेंटिमीटर व फळीची जाडी २ सेंटिमीटर. एक सेंटिमीटर रुंदीची बोटे धरली तर प्रत्येक कोपऱ्यात १२ बोटे येतात. सहा एका फळीची, सहा दुसरीची. नुसती फळीला फळी टेकवून चिकटविली असती तर चिकटण्यास २४ चौरस सेंटिमीटर जागा मिळाली असती, आणि तीही एका फळीच्या कापलेल्या तोंडाची, जेथे सरस शोषला जातो व पकड धरत नाही. बोटांच्या बाजू ११ ठिकाणी एकमेकींस भिडतात, दर ठिकाणी ४ चौरस सेंटिमीटर; म्हणजे ४४ चौरस सेंटिमीटर चांगली पकड मिळते. सात खणांचे २८ कोपरे, आणि एकूण बोटे ३३६. ही सारी त्या वृद्ध गृहस्थांनी हातकरवत, पटाशी आणि लाकडी मोगरी यांनी कापली. रेषेच्या कोणत्या बाजूने करवत धरावयाची, यातच सगळे कौशल्य आहे. रेषेच्या आत गेली तर सांधा ढिला, बाहेर राहिली तर बसविताना फळी फाटते. रोज तीन-चार कोपऱ्यांहून अधिक काम होत नसे.

सरळ बोटांचा एक उणेपणा आहे. ओढ लागल्यास त्यांना धरून ठेवण्यास सरसावाचून दुसरे काही नसते. त्यासाठी मिस्त्रींनी वरून बोटांच्या आरपार बारीक भोक पाडले आणि त्यात बांबूची कामटी ठोकली. आता सरस सुटला तरी पुढची फळी निघून येणार नाही. खणाच्या तळाची फळी खाचेत नुसती सरकविली आहे, चिकटविलेली नाही, म्हणजे पावसाळ्यात तिला पसरावयास वाव राहील.

हे काम चालू असताना एक गोष्ट घडली, तिच्यासाठीच वस्तुतः हा लेख लिहिला. फळ्यांवरील रंगाचे थर खरवडताना मिस्त्रींनी आम्हांला हाक मारली. एका फळीच्या खालच्या अंगावर, जेथे रंग लागला नव्हता, तेथे सुतारी पेन्सिलीने लिहिलेले होते: ‘डावीकडून ३ री. खाली बघा.’ दुसऱ्या एका फळीवर ‘विंगेकडची’ एवढेच होते. अक्षर मराठी वळणाचे, शिकलेल्या हाताचे. व्यासपीठ दरवर्षी उभारताना फळ्यांचा क्रम चुकू नये म्हणून कोणा सभासदाने ही खूण करून ठेवली होती. ते अक्षर कोणाचे, हे आम्ही दोन्ही वडीलधाऱ्यांस विचारले. दोघांनी दोन निराळी नावे सांगितली, आणि दोघेही ठाम होते!

मंडळाच्या पहिल्या वर्षांतील हा एकमेव लेख आज आमच्या हाती आहे. त्या दोन फळ्यांवर रंधा मारू नये, अशी आम्ही विनंती केली. मिस्त्रींनी त्या अशा बेताने कापल्या की लिहिलेला भाग पहिल्या खणाच्या आतल्या बाजूस आला. खण पुरता ओढला की डाव्या कुशीत ते अक्षर दिसते.

खणांत काय ठेवले

केंद्र सरकारच्या कचेऱ्यांत कागदांचे तीन वर्ग असतात. ‘अ’ वर्गाचे कागद कायम ठेवावयाचे व त्यांची सूक्ष्मचित्रे घ्यावयाची. ‘ब’ वर्गाचे कायम ठेवावयाचे, पण सूक्ष्मचित्रांवाचून. आणि ‘क’ वर्गाचे ठरावीक मुदतीनंतर नष्ट करावयाचे. आमचे निम्मे आयुष्य हे वर्ग लावण्यात गेले, म्हणून हीच पद्धत येथे योजिली आहे. पहिल्या खणात इतिवृत्ते, दुसऱ्यात हिशेब, तिसऱ्यात छायाचित्रे, चौथ्यात नाटकांच्या संहिता व कार्यक्रमपत्रिका, पाचव्यात हस्तलिखिताचे उरलेले अंक, सहाव्यात पत्रव्यवहार. सातवा रिकामा आहे. कपाटाचे पाय सहा इंच उंच असून भिंतीपासून ते चार इंच दूर उभे केले आहे, म्हणजे वाळवी चढू लागली तर नळी दिसेल. खणाखणांत वेखंडाच्या कांड्या ठेवल्या आहेत. आणि या वेळी महत्त्वाच्या कागदांची छायाचित्रे घेऊन ती तीन निरनिराळ्या घरी ठेवली आहेत.

लखनौच्या मराठी माणसास हे सांगावयास नको की जपून ठेवणे आणि डांबून ठेवणे यांत अंतर आहे. पंडित विष्णु नारायण भातखंडे यांच्या काळी कित्येक दुर्मीळ चिजा घराण्यांच्या कंठांत कुलूपबंद होत्या. त्यांनी देशभर हिंडून, उस्तादांची मनधरणी करून त्या मिळविल्या, स्वरलिपीत उतरविल्या आणि ‘क्रमिक पुस्तक मालिके’च्या सहा भागांतून सर्वांसाठी खुल्या केल्या. १९२६ साली याच नगरीत त्यांच्या प्रेरणेने मॅरिस कॉलेज निघाले. आज तेच भातखंडे संस्कृती विश्वविद्यालय आहे. ज्या चिजा लिहिल्या गेल्या त्या राहिल्या. ज्या लिहिल्या गेल्या नाहीत त्या गाणाऱ्याबरोबर गेल्या. आमच्या सात वर्षांच्या इतिवृत्तांचेही तसेच झाले. त्यातील माणसे थोर होती की सामान्य, हा प्रश्न नाही. परक्या गावी चार मराठी घरे एकत्र आली, त्यांनी वर्गणी काढली, फळ्यांवर क्रमांक घातले, आणि त्यांची नावे आज आपणांस ठाऊक नाहीत, ही गोष्ट आम्हांला बोचते.

म्हणून सर्व सभासदांस एक विनंती करून हा लेख संपवितो. आपापल्या घरी माळ्यावर, जुन्या ट्रंकांत, आजी-आजोबांच्या पुस्तकांत मंडळाचे काही कागद असतील: एखादी निमंत्रणपत्रिका, हळदीकुंकवाचे छायाचित्र, नाटकाची नक्कल, वर्गणीची पावती. ती मूळ प्रत द्यावी असा आग्रह नाही, नक्कल दिली तरी चालेल. सातवा खण त्यासाठीच रिकामा ठेवला आहे. येताना फळीवरचे ते अक्षरही पाहून घ्यावे. कदाचित आपल्या घरच्या एखाद्या जुन्या पत्रात तेच वळण सापडेल.

कपाट आता मंडळाच्या वाचनालयात उभे आहे. यंदाच्या श्रावणात सातही खण उघडले. तिसरा किंचित अडला. मिस्त्रींस निरोप पाठविला तेव्हा त्यांनी उलट निरोप धाडला की क्वारापर्यंत त्याला हात लावू नका, तो आपसूक सुटेल. आपला आश्विन म्हणजे येथील क्वार. मिस्त्रींच्या सांगण्याप्रमाणे नवरात्र बसले तेव्हा तो खण सुटला.